कोण बोलतंय?

शुगर लँडला माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर अजून एक जुना फोन आहे. लाइन केव्हाच बंद केली, पण फोन काढला तर मागचा रंग वेगळा दिसेल म्हणून तो तिथेच राहिलाय. शेजारच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक प्रिंटआउट चिकटवलेला आहे, जुलै 2003 चा. 281 ने सुरू होणारा तिचा नंबर ‘नॅशनल डू नॉट कॉल रजिस्ट्री’त नोंदला गेला आहे, एवढंच त्यात लिहिलंय. कागद पिवळा पडलाय, एका कोपऱ्याला फोडणीचं तेल लागलंय.

“हा कागद लावल्यावर घर एकदम शांत झालं होतं,” ती म्हणते. “मग काही वर्षांनी त्यांना बहुतेक तो दिसेनासा झाला.”

कॉल सेंटरांवरच्या आपल्या भागात ही गोष्ट यायला हवी होती. एक तर वेळ पुरला नाही, आणि दुसरं म्हणजे मावशीची परवानगी तेव्हा मिळाली नव्हती. आता मिळाली आहे, नाव न घालण्याच्या अटीवर. अट का, ते पुढे कळेल.

तुमच्यातले बहुतेक जण अनोळखी नंबरचा फोन उचलतच नसणार. मावशी वाढली त्या सांगलीत हे उद्धटपणाचं ठरलं असतं. वाड्यात एकच फोन, तोही मालकांकडे. घंटा वाजली की हातातलं काम टाकून कुणीतरी धावायचं. “हॅलो, कोण बोलतंय?” असं विचारायचं, आणि पलीकडून उत्तर यायचं, “मी बोलतोय.” झालं. नाव सांगायची पद्धत नव्हती. ज्याचा आवाज ओळखू येत नाही तो फोन कशाला करेल?

ही सवय घेऊन ती 1994 मध्ये टेक्सासला आली. काकांची नोकरी ह्यूस्टनला, घर शुगर लँडला, कारण शाळा चांगल्या. आणि संध्याकाळी सहा ते आठ, बरोबर पोळ्या लाटायच्या वेळेला, फोन वाजायचा. ती धावत जाऊन उचलायची. पलीकडे कुणीतरी अतिशय आनंदात असायचं आणि तिचं आडनाव चुकीचं उच्चारायचं.

1984 मध्ये एटी अँड टीचे तुकडे झाले, त्यानंतर लाँग डिस्टन्सच्या गिऱ्हाइकांसाठी एमसीआय, स्प्रिंट आणि एटी अँड टी यांच्यात अक्षरशः मारामारी चालू होती. भारतीय घर म्हणजे हमखास परदेशी फोन करणारं घर. तेव्हा भारतात बोलायला मिनिटाला डॉलरच्या घरात पैसे पडायचे, त्यामुळे दर रविवारी आईशी वीस मिनिटं बोलणारी मुलगी म्हणजे सोन्याची कोंबडी. फोनबुकातून आडनावं वेचून याद्या करायच्या आणि विकायच्या, हा अमेरिकेत रीतसर धंदा होता, आजही आहे. जोशी, पाटील, देशपांडे यांना निवडून काढायला फार अक्कल लागत नाही. काही कंपन्या तर होकाराचीही वाट बघत नसत, परस्पर तुमची सेवा आपल्याकडे वळवून घेत. त्याला ‘स्लॅमिंग’ म्हणत, आणि ते थांबवायला 1996 च्या टेलिकॉम कायद्यात वेगळं कलम घालावं लागलं.

मावशी ‘नको’ म्हणायला शिकली, पण तिला त्यासाठी तीन वर्षं लागली. मधल्या काळात घरात दोन मासिकं यायला लागली होती आणि कार्पेट धुवून देणारा एक माणूस दर सहा महिन्यांनी उगवायचा.

गंमत म्हणजे कायदा तेव्हाही होता. थोरल्या बुश साहेबांनी 20 डिसेंबर 1991 ला ‘टेलिफोन कन्झ्युमर प्रोटेक्शन ॲक्ट’वर सही केली होती. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर फ्रिट्झ हॉलिंग्ज यांनी त्यासाठी केलेलं भाषण अजून कोर्टाच्या निकालांत उद्धृत होतं: हे यांत्रिक फोन सकाळी झोपमोड करतात, रात्री जेवणातून उठवतात, आजारी म्हाताऱ्यांना अंथरुणातून खेचून बाहेर काढतात, शेवटी फोन भिंतीतून उपटून काढावासा वाटतो, असा त्याचा आशय. या कायद्याने रेकॉर्ड केलेला आवाज घरच्या फोनवर परवानगीशिवाय सोडायला बंदी घातली, आणि नियम मोडणाऱ्या प्रत्येक फोनमागे 500 डॉलर मागायचा हक्क सामान्य माणसाला दिला. पण जिवंत माणूस फोन करून काही विकत असेल तर? तेव्हा देशभराची एकच यादी करावी का, हा प्रश्न एफसीसीपुढे, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगापुढे आला. 1992 मध्ये त्यांनी ठरवलं की नको, प्रत्येक कंपनीने आपापली ‘नको म्हणणाऱ्यांची’ यादी ठेवावी. म्हणजे शंभर कंपन्या असतील तर तुम्ही शंभर वेळा नको म्हणायचं, आणि तेही प्रत्येकाने एकदा जेवणातून उठवल्यावर.

राज्यांना एवढा धीर नव्हता. बऱ्याच राज्यांनी स्वतःच्या याद्या सुरू केल्या, टेक्सासची जानेवारी 2002 पासून आली. मग फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसीने, देशाची यादी काढली. 27 जून 2003 ला नोंदणी सुरू झाली आणि चार दिवसांत एक कोटीवर नंबर आले. मावशीचा त्यानंतरच्या आठवड्यातला. काकांनी ऑफिसातून प्रिंट काढून आणली, कारण घरचा प्रिंटर तेव्हा पाण्यासारखी शाई प्यायचा.

शुगर लँडमध्ये 2003 हे वर्ष दुसऱ्याच गोष्टीसाठी लक्षात आहे. तिथल्या इंपीरियल शुगरच्या कारखान्याची रिफायनरी त्या वर्षी बंद झाली. गावात साखर बनणं थांबलं आणि गोड बोलणारे फोनही थांबले, असा विनोद काका करायचे. फारसं कुणी हसायचं नाही.

यादी अंमलात यायच्या आठवडाभर आधी नाट्य घडलं. 23 सप्टेंबरला ओक्लाहोमातल्या एका फेडरल न्यायाधीशाने निकाल दिला की एफटीसीला अशी यादी करायचा अधिकार संसदेने दिलेलाच नाही. दोन दिवसांत, म्हणजे 25 तारखेला, दोन्ही सभागृहांनी अधिकार देणारा कायदा मंजूर केला. खालच्या सभागृहात 412 विरुद्ध 8, सिनेटमध्ये 95 विरुद्ध शून्य. इराक युद्धाच्या वर्षात एवढं एकमत दुसऱ्या कशावर झालं असेल? लोकांचा राग किती होता, त्याचा आणखी एक नमुना: विनोदी स्तंभलेखक डेव्ह बॅरीने टेलिमार्केटिंगवाल्यांच्या संघटनेचाच फोन नंबर आपल्या लेखात छापला. हजारो वाचकांनी तो फिरवला, आणि संघटनेने फोन उचलणं बंद केलं.

1 ऑक्टोबर 2003 ला यादी लागू झाली, तोवर पाच कोटींच्या आसपास नंबर जमले होते. आणि ती चालली, हे विसरू नये. आजकाल या यादीची टिंगल करायची पद्धत आहे, पण ज्या शत्रूसाठी ती बांधली होती त्याला तिने खरंच आडवलं. कार्पेटवाला, मासिकवाला, लाँग डिस्टन्सवाला, या सगळ्यांना पत्ता होता, बँक खातं होतं, वकील होता. यादीतल्या माणसाला फोन केला तर दंड बसेल याची त्यांना भीती होती. यादीची सगळी ताकद याच एका गृहीतावर उभी होती की फोन करणारा कोण आहे हे आपल्याला कळेल.

काही फोन मुद्दामच मोकळे सोडले होते. राजकीय पक्षांना सूट, धर्मादाय संस्थांना सूट, सर्वेक्षणांना सूट, तुम्ही गेल्या अठरा महिन्यांत ज्याच्याकडून काही घेतलं त्यालाही सूट. आणखी एक सूट आहे ती मला अतिशय आवडते. एफसीसीच्या नियमांत म्हटलंय की फोन करणाऱ्याचं तुमच्याशी ‘वैयक्तिक नातं’ असेल, म्हणजे तो नातेवाईक, मित्र किंवा ओळखीचा असेल, तर त्याला नियम लागू नाही. वॉशिंग्टनमध्ये हे लिहिणाऱ्याला मराठी मंडळं ठाऊक नसावीत. ज्या लोकांत ‘आमच्या आतेभावाच्या शेजारचे’ हीसुद्धा ओळख धरतात, तिथे या कलमातून हत्ती जाईल. मावशीकडे एका मंडळाची सभासदांची छापील डिरेक्टरी होती, नाव, गाव, फोन, मुलांची वयं. दिवाळीचा फराळ कोण करून देतं हे शोधायला ती निघाली, आणि वर्षभरात विमा एजंट, घरं विकणारे आणि ‘एक छान बिझनेस अपॉर्च्युनिटी आहे, कॉफी घ्यायला भेटूया का’ म्हणणारे, सगळ्यांच्या हातात गेली. हे लोक आधी “काय, कसं चाललंय, मुलगा कितवीत?” असं विचारायचे. त्यांना नको म्हणणं कार्पेटवाल्याला नको म्हणण्यापेक्षा दसपट कठीण. पुढच्या वर्षी डिरेक्टरीतून फोन नंबर गेले.

भारतातही हीच कथा थोड्या उशिराने आणि वेगळ्या चालीने घडली. क्रेडिट कार्ड आणि कर्ज विकणाऱ्या फोनांनी मुंबई-पुण्यातले लोक इतके वैतागले की प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ट्रायने जून 2007 मध्ये नियम काढले, ऑक्टोबरमध्ये ‘डू नॉट कॉल’ यादी सुरू झाली, आणि 1909 हा नंबर लोकांना पाठ झाला. सप्टेंबर 2011 मध्ये तर एका सिमवरून दिवसाला शंभरच एसएमएस, अशी मर्यादा आली. कॉलेजातल्या पोरांनी एवढी बोंब मारली की दोन महिन्यांत ती दोनशे करावी लागली. तो किस्सा पुन्हा कधीतरी.

आपल्या गोष्टीसाठी भारतातली दुसरी घडामोड जास्त महत्त्वाची आहे. एप्रिल 2002 मध्ये परदेशी फोनवरची व्हीएसएनएलची मक्तेदारी संपली आणि त्याच सुमाराला इंटरनेटवरून फोन करायला परवानगी मिळाली. आधीच फुललेला कॉल सेंटरचा धंदा आणखी फोफावला. ते दिवस तुमच्या मोठ्या भावंडांना आठवत असतील: रात्री गल्लीच्या तोंडाशी थांबणाऱ्या सुमो, उच्चार सुधारण्याचे क्लासेस, आणि पहिल्याच आठवड्यात मिळणारं नवीन नाव. प्रशांतचा पीटर व्हायचा, स्नेहलची सँडी. गिऱ्हाइकाला आपलेपणा वाटावा म्हणून, असं सांगितलं जायचं.

हे नीट लक्षात घ्यायला हवं. फोनवर खोटं नाव सांगायचं ही भामट्यांनी काढलेली युक्ती नाही. ती मोठमोठ्या, प्रतिष्ठित कंपन्यांनी पगार देऊन, प्रशिक्षण देऊन शिकवली. आपल्या पिढीतल्या हजारो मुलामुलींनी नोकरीचा भाग म्हणून ‘कोण बोलतंय?’ या प्रश्नाचं खोटं उत्तर द्यायची तालीम घेतली. भामट्यांना ती तयारच मिळाली.

आता मावशीचा फोन. फेब्रुवारी 2015, सकाळी अकराची वेळ, म्हणजे मुंबईत रात्रीचे साडेदहा. काका कामासाठी लुइझियानात. स्क्रीनवर वॉशिंग्टनचा 202 चा नंबर. बोलणाऱ्याने सांगितलं की तो इमिग्रेशन खात्यातला अधिकारी आहे, नाव केव्हिन. तिच्या सुनेच्या ग्रीन कार्डच्या अर्जात माहिती लपवली आहे, फी बुडवली आहे, आज पैसे भरले नाहीत तर वॉरंट निघेल. त्याच्याकडे सुनेचं पूर्ण नाव होतं. फोन ठेवायचा नाही, कुणाला सांगायचं नाही, ठेवलात तर ‘असहकार’ धरला जाईल. मावशी फोन कानाला लावूनच गाडीत बसली, दुकानात गेली, 500 डॉलरची तीन प्रीपेड कार्डं घेतली आणि पार्किंगमध्ये बसून त्यांच्या मागचे आकडे वाचून दाखवले.

तिने हे कुणालाही सांगितलं नाही. काकांनाही नाही. मला सांगितलं तेव्हा तीन वर्षं उलटून गेली होती.

मी साहजिकच विचारलं, की त्याच्या बोलण्यावरून तुला कळलं नाही का, तो आपल्याकडचा आहे ते? तिचं उत्तर मी इतक्या वेळा आठवलंय की आता ते पाठ झालंय. “पहिल्या वाक्यात कळलं. म्हणून तर विश्वास बसला. इथे डॉक्टर आपला, बँकेतली मुलगी आपली, नीलच्या शाळेतला गणिताचा सर आपला. ऑफिसर आपला असला तर नवल काय? मला वाटलं, बरं झालं, हा समजून घेईल.”

या फसवणुकीवर लिहिणारे उच्चारांची खिल्ली उडवतात. अमेरिकन माणूस म्हणे आवाजावरूनच सावध व्हायला हवा होता. फोर्ट बेंड काउंटीतल्या मराठी बाईसाठी तोच आवाज खात्रीचा शिक्का होता.

तो फोन नेमका कुठल्या इमारतीतून आला हे सांगणं शक्य नाही. पण अशी एक इमारत आपल्याला माहीत आहे. मुंबईत पश्चिम रेल्वेने दहिसर सोडलं की पुढचं स्टेशन मीरा रोड. तिथल्या एका सात मजली इमारतीत रात्रभर दिवे असायचे, आणि वेगवेगळ्या मजल्यांवर विशीतली मुलं अमेरिकेच्या टॅक्स खात्याचे अधिकारी बनून फोन करायची. हातात छापील संवाद, समोर नंबरांची यादी. ऑक्टोबर 2016 च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी धाड घातली. सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेऊन चौकशी केली, सत्तर जणांना अटक केली. बातम्यांत चेहरा झाकून रांगेत बसलेली पोरं दिसली. माझा एक मामेभाऊ भाईंदरला राहतो. त्याच्या वर्गातली दोन मुलं त्या रांगेत होती, असं तो सांगतो. “एक तर गणपतीत आमच्याच ढोलपथकात होता.”

न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी 2017 मध्ये या इमारतीवर मोठी बातमी केली. तिची सुरुवात एका उलट्या फोनने होते. 2016 च्या उन्हाळ्यात एफटीसीच्या वॉशिंग्टनच्या ऑफिसात बेट्सी ब्रोडर या अधिकारी बाईंना मीरा रोडवरून फोन आला. पलीकडे दोन पोरं होती, तिथेच कामाला लागलेली, आणि आत काय चाललंय ते त्यांना सांगायचं होतं. ब्रोडरबाईंनी नाव विचारलं. तो म्हणाला, ॲडम. त्या म्हणाल्या, तुझं नाव ॲडम नाही. तुझी आजी तुला काय हाक मारते? तो म्हणाला, बाबू.

मला टेलिमार्केटिंगच्या सगळ्या कायद्यांच्या इतिहासात याहून चांगला प्रश्न सापडलेला नाही. ज्या खात्याने कोट्यवधी नंबरांची यादी बनवली, त्याच खात्यातल्या एका बाईने, यादीबिदी बाजूला ठेवून, विचारलं की तू घरी कोण आहेस. एकोणीस वर्षांचा मुलगा होता तो.

27 ऑक्टोबर 2016 ला अमेरिकेच्या न्याय खात्याने एक आरोपपत्र उघड केलं. आरोपी 56 माणसं आणि पाच कॉल सेंटरं, मुख्यतः अहमदाबादची. टॅक्स खात्याचे आणि इमिग्रेशनचे अधिकारी असल्याची बतावणी, किमान 15,000 बळी. कॅलिफोर्नियात हेवर्डच्या एका माणसाकडून वीस दिवसांत 1,36,000 डॉलर काढले होते. त्याला पावणेतीनशेच्या वर कार्डं विकत घ्यायला लावली. आणि हा खटला चालला कुठे? ह्यूस्टनच्या फेडरल कोर्टात, मावशीच्या घरापासून साउथवेस्ट फ्रीवेने अर्ध्या-पाऊण तासावर. आरोपींतले अनेक जण इथेच, अमेरिकेत राहणारे होते. दुकानोदुकानी फिरून कार्डांवरचे पैसे मनीऑर्डरींत फिरवायचे आणि पुढे पोचवायचे, हे त्यांचं काम. त्यातले काही टेक्सासचे. शहाण्या माणसाने इथे थोडं थांबावं. आपण ‘तिकडची कॉल सेंटरं’ म्हणतो तेव्हा सोयीस्करपणे विसरतो की पैसे गोळा करणारे हात इकडचे होते, आपल्याच ग्रोसरीच्या रांगेत उभे राहणारे.

जुलै 2018 मध्ये न्यायाधीश डेव्हिड हिटनर यांनी शिक्षा सुनावल्या. सर्वांत मोठी वीस वर्षांची. ओळख पटलेल्या बळींना सुमारे 90 लाख डॉलर भरपाईचा आदेश झाला. ही बातमी वाचूनच मावशीने मला फोन केला आणि सगळं सांगितलं. बळी म्हणून नाव नोंदवायचं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “कोर्टात उभं राहून काय सांगू? की मला तो मुलगा आपला वाटला?” तिने नाव नोंदवलं नाही. पंधराशे डॉलर गेले ते गेले.

एवढं वाचून कुणाला वाटेल की नियम मोडला तो समुद्रापलीकडच्यांनी, आणि इथले व्यापारी कायदा पाळत होते. तसं नाही. 2019 च्या पहिल्या साडेचार महिन्यांत टेक्सासमधल्या ‘रायझिंग ईगल’ या कंपनीने सुमारे शंभर कोटी रेकॉर्ड केलेले फोन सोडले, नामांकित विमा कंपन्यांची खोटी नावं घेऊन. एफसीसीने 2021 मध्ये कंपनीच्या दोन चालकांना 22 कोटी 50 लाख डॉलरचा दंड ठोठावला, तोवरचा सर्वांत मोठा. टेक्साससह अनेक राज्यांनी कोर्टात खेचलं, तेही ह्यूस्टनलाच. यातली मला चक्रावून टाकणारी बाब वेगळी आहे. एफसीसीच्या म्हणण्यानुसार त्यांच्यातल्या एकाने कबूल केलं की ‘डू नॉट कॉल’ यादीतल्या नंबरांना ते जाणूनबुजून फोन करत, कारण तिथे धंदा जास्त होतो असं त्याला वाटायचं. विचार केला तर तर्क बिनचूक आहे. बाकी सगळे कायदा पाळून त्या घरांना फोन करत नाहीत, म्हणजे तिथे स्पर्धा नाही.

म्हणजे मावशीने कपाटाच्या दाराला जो कागद लावला होता, तो 2003 मध्ये कुलूप होता आणि 2019 मध्ये पत्ता झाला होता.

दंडाच्या आकड्यांनी फार खूश होऊ नका. वॉल स्ट्रीट जर्नलने मार्च 2019 मध्ये हिशोब मांडला: 2015 पासून एफसीसीने अशा फोनांबद्दल 20 कोटी 84 लाख डॉलरचे दंड लावले आणि वसूल केले 6,790 डॉलर. सहा हजार सातशे नव्वद. ‘हजार’ लिहायला विसरलेलो नाही. दंड लावणं हे एका खात्याचं काम, वसूल करणं दुसऱ्याचं, आणि तोपर्यंत कंपनी बंद करून नवीन नावाने उघडलेली असते.

कायदे करणाऱ्यांनी प्रश्न ओळखला नाही असं मात्र नाही. 2003 नंतरचे जवळपास सगळे महत्त्वाचे नियम एकाच गोष्टीमागे धावताना दिसतात: बोलणारा कोण आहे हे पुन्हा कळू लागावं. फसवण्यासाठी खोटा नंबर दाखवणं 2010 च्या अखेरीस गुन्हा ठरलं. डिसेंबर 2019 च्या ‘ट्रेस्ड’ कायद्यानंतर मोठ्या फोन कंपन्यांना जून 2021 पर्यंत अशी यंत्रणा बसवावी लागली की प्रत्येक फोनबरोबर एक डिजिटल सही जावी, हा नंबर खरा आहे याची ग्वाही देणारी. भारतात ट्रायने 2018 पासून व्यापारी मेसेज पाठवणाऱ्यांना नाव आणि मजकूर दोन्ही आधी नोंदवायला लावलं. टेक्सासने सप्टेंबर 2025 पासून टेक्स्ट मेसेजही टेलिमार्केटिंगच्या कायद्यात घेतले. अमेरिकेच्या यादीत आज 25 कोटींच्या आसपास नंबर आहेत, आणि तक्रारी 2017 च्या सत्तर लाखांवरून बऱ्याच खाली आल्या आहेत. यातल्या किती फोन कमी झाल्यामुळे आणि किती लोकांनी तक्रार करणंच सोडल्यामुळे, यावर आमच्या टीममध्ये अजून भांडण चालू आहे. मी दुसऱ्या गटात आहे. ज्याने फोन उचललाच नाही तो तक्रार कशाची करणार?

मावशी आता फोन उचलत नाही. फार्मसीचा नाही, दाताच्या डॉक्टरांचा नाही. गेल्या वर्षी एका टेस्टचा रिपोर्ट सांगायला दवाखान्यातून तीनदा फोन आला, तिन्ही वेळा तिने वाजू दिला. चौथ्यांदा त्यांनी मुलाला गाठलं. रिपोर्ट ठीक होता. पण त्यानंतर मुलाने तिच्या आयफोनवर नवीन सोय चालू करून दिली. अनोळखी नंबर असेल तर फोनच आधी बोलतो, इंग्लिशमध्ये, नाव आणि काम विचारतो, आणि उत्तर स्क्रीनवर लिहून दाखवतो. मग उचलायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मार्चमध्ये सांगलीहून तिच्या मोठ्या भावाने फोन केला. ब्याऐंशी वर्षांचे मामा, एरवी व्हॉट्सॲपवर बोलतात, पण त्या दिवशी घरचं इंटरनेट गेलं होतं म्हणून नातवाच्या नव्या सिमवरून सरळ नंबर फिरवला. यंत्राने विचारलं, आपण कोण, काय काम आहे. मामांना वाटलं, धाकटीच्या घरात कुणीतरी बाई आहे. त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं: “अगं, मी बोलतोय.”

यंत्राला मराठी येत नाही. त्याने ऐकून जमेल तसं लिहिलं: ‘अगेन मी बॉल टॉय’.

मावशीने चष्मा लावला, ते एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्याने वाचलं, आणि फोन उचलला. “बोल रे, दादा.”